अस्वानपर्यंत

प्लासिड पापडी गावचा, पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग सुदानमधल्या करीमा गावात गेला. नाईलकाठी, जबल बरकल डोंगराजवळ, एका गेस्टहाउसचा तो खानसामा होता. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी न्यूबियाचे, म्हणजे त्याच भागाचे, राजे त्या डोंगराला देवाचं घर मानत. तिथूनच निघून त्यांनी इजिप्त जिंकला. त्यांची देवळं आणि निमुळते पिरॅमिड बघायला परदेशी पाहुणे येत, आणि प्लासिड त्यांना जेवू घाली.

पापडीत बायको लुसी वारली, तेव्हा सुदानमध्ये धुळीच्या वादळानं विमानं बंद होती. तो तिच्या मातीला पोहोचलाच नाही. त्या संध्याकाळी देवळाचा राखणदार उस्मान त्याला हाताला धरून डोंगराच्या पोटातल्या देवळात घेऊन गेला. भिंतीवर राजा तहारका कोरलेला होता, इथलाच, पण इजिप्तवरही राज्य केलेला.

"एवढं राज्य मिळालं, पण देऊळ बांधायला इथं घरी आला," उस्मान म्हणाला. मग दोघं अंधार पडेपर्यंत तिथंच बसले. पुढे ती रोजचीच बैठक झाली.

मग तिकडे युद्ध पेटलं. भारत सरकारनं आपल्या लोकांना जहाजानं बाहेर काढलं, आणि प्लासिड पापडीला परतला. त्यानंतर उस्मानचा फोन कधी लागला नाही.

गावात सगळे बॉम्बबद्दल विचारायचे. तो डोंगराचं सांगायला लागला की कुणीतरी म्हणे, "पिरॅमिड तर इजिप्तला असतात ना?" आणि विषय कुणाच्या तरी लग्नावर जाई. मुलगी टिफनी रविवारी येई, डबा देई, घाईत निघे. हळूहळू त्यानं सांगणं सोडलं.

एके दिवशी विरारची ऋतिका आली. ती वारसास्थळांच्या सहली न्यायची. "काका, इजिप्तच्या ग्रुपला आपलं जेवण लागतं. अरबी बोलणारा आचारी..."

"येतो," तो म्हणाला. तिचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

इजिप्तच्या दक्षिण टोकाला, अबू सिंबेलच्या देवळापाशी, गाइडनं सांगितलं की अस्वानच्या धरणाचं पाणी चढायच्या आत हे देऊळ कापून उंचावर नेलं, पण न्यूबियन लोकांची गावं बुडाली. मंडळी फोटो काढत होती. प्लासिड धरणाच्या तळ्यापलीकडे, दक्षिणेला बघत होता. तिकडेच सुदान, पण युद्धामुळे जायला वाट नव्हती.

मुक्कामाच्या शहरात, अस्वानला, परतल्यावर दुपारी मंडळी आडवी झाली तसा तो बाजारात गेला. युद्धातून पळून आलेल्या सुदानी बायका रस्त्यावर चहा विकत होत्या. कुणी करीमाचं आहे का, असं विचारत तो एकीपाशी पोहोचला. ती करीमाची निघाली.

"देवळाचा उस्मान? आहे की! त्याचा भाऊ गाव सोडून गेला, शेजारीही गेले. हा हलत नाही. पाहुणा एक नाही, तरी रोज दार उघडतो, वाळू झाडतो, दार लावतो."

"फोन का लागत नाही?"

"बिघडलाय. दुरुस्त करणारा पळाला." तिनं ग्लास पुढे केला. "तिकडे जाणारं कुणी भेटलं तर निरोप देईन. काय सांगू?"

प्लासिडच्या मनात किती साठलं होतं! पण चहा संपेपर्यंत त्याला एकच वाक्य सुचलं.

"सांग, प्लासिड अस्वानपर्यंत आला होता."

अजून काही उत्तर आलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी त्यानं ऋतिकाला आत्ताच होकार दिलाय.