घरकुलाचा फोटो
रनाळ्यात मी घरकुलांचे फोटो काढायला गेलो होतो. शेवटच्या हप्त्यासाठी पूर्ण झालेलं घर आणि त्याच्यापुढे उभा लाभार्थी, असा फोटो लागतो. एक म्हातारी मात्र पदर सारखा करून नव्या घरात शिरली, ती बाहेरच येईना.

"आजी, दारापुढे उभ्या राहा. नाहीतर हप्ता अडकेल."

"लोकेस्ना दारपुढे जलमभर उभी ऱ्हायनू, भाऊ," ती आतून म्हणाली. "आते मी मन्हा घरमाच बससू."

शेवटी मी तसाच फोटो काढला. खिडकीच्या गजांवर तिची बोटं तेवढी आली.

ऑफिसात साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "यात लाभार्थी कुठे आहे?"

"घरात आहे, साहेब."

साहेबांनी जरा विचार केला आणि हप्ता मंजूर केला.