सेयिलची गोष्ट परक्या तोंडी

नारिन नदीच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या अलीकडच्या गावात ऊलकान परिचारिका होती. डॉक्टर रस्ता उघडा असला तरच यायचा, त्यामुळे सुया टोचण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. म्हातारी माणसं तिला कौतुकानं ‘छोटी डॉक्टर’ म्हणत आणि भर रस्त्यात थांबवून गुडघे दाखवत. नवऱ्याला सोडून ती माहेरी आली होती. त्याची चौकशीही गुडघे दाखवता दाखवताच व्हायची.

तिला पुढं शिकायचं होतं. डोंगरातल्या बायका बाळंतपणात का दगावतात, त्यांना वाचवायचं कसं, हे शिकवणारा अभ्यासक्रम परदेशात होता. शिष्यवृत्तीही होती. त्यासाठी इंग्रजीत दोन पानी निवेदन लिहायचं होतं: मी कोण, मला हेच का शिकायचंय. अडलेली बाई मोकळी करणं ऊलकानला सोपं वाटे, हे नाही.

पेरीजात तिची शिकतानाची मैत्रीण, वसतिगृहात एकाच खोलीत राहिलेली. आता ती राजधानीत, बिश्केकला, एका परदेशी संस्थेत होती आणि इंग्रजी पाण्यासारखं बोलायची. ती म्हणाली, ये, मिळून लिहू. ऊलकान घरची साय आणि मध घेऊन गेली.

“कागदासाठी नको, मला सांग,” पेरीजातनं चहा ओतत विचारलं. “हेच का शिकायचंय तुला?”

आणि आईलाही कधी नीट न सांगितलेलं ऊलकाननं तिला सांगितलं. थोरली बहीण सेयिल ऐन हिवाळ्यात बाळंत झाली. मुलगी चांगली झाली, पण रक्त थांबेना. हाताशी होतं ते सगळं वापरून झालं. जिल्ह्याच्या इस्पितळाची गाडी बर्फात खिंडीपलीकडे अडकलेली. तसल्या थंडीत सेयिलनं खिडकी उघडायला लावली, गाडीचा आवाज कळावा म्हणून. वारा घोंघावला की म्हणायची, “आली बघ गाडी.” दुपारनंतर म्हणायची थांबली.

पेरीजात रडली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं निक्षून सांगितलं, की हे घालू नकोस. निवडणाऱ्यांना रडगाणी नको असतात, पुढं काय करणार ते हवं असतं. ऊलकानला उलट बरंच वाटलं. सेयिलचं ते जिथल्या तिथं राहिलं. पेरीजातनं सुबक निवेदन लिहून दिलं आणि ऊलकानचं नाव पहिल्याच फेरीत गळलं.

नंतर कळलं, की पेरीजातनंही अर्ज केला होता आणि तिची निवड झाली होती. शेवटच्या क्षणी ठरलं, म्हणून बोलले नाही, असं ती म्हणाली. ऊलकाननं तिच्यासाठी स्वतः विणलेले लोकरी मोजे पाठवले.

पुढच्या वर्षी नव्या इच्छुकांसाठी बिश्केकला कार्यक्रम होता आणि सुट्टीवर आलेली पेरीजात बोलणार होती. तिला चकित करावं म्हणून ऊलकान न सांगता गेली, मागच्या रांगेत बसली. आपली निवड कोणत्या निवेदनावर झाली, ते पेरीजात सांगू लागली. बर्फ. खिंड. उघडी खिडकी. “‘आली बघ गाडी,’ असं माझी बहीण म्हणत राहिली.”

आता ही माझं नाव घेईल, असं ऊलकानला वाटलं. ती वाट बघत राहिली. शेजारच्या मुली डोळे पुसत होत्या. बोलणं संपलं, टाळ्या झाल्या, तरी नाव आलं नाही.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली.

“तुमच्या बहिणीचं नाव काय होतं?”

पेरीजातनं तिला ओळखलं. ती आईबापांची एकुलती एक लेक, हे त्या सभागृहात फक्त ऊलकानला ठाऊक होतं. खाली बघत ती म्हणाली, “सेयिल.”

ऊलकानला पुष्कळ बोलायचं होतं. पण ते नाव तिथून ऐकल्यावर ती तशीच बाहेर आली. पाठोपाठ पेरीजात.

“तू ते निवेदनात घेतलं नव्हतंस ना,” ती कुजबुजली.

“तूच घेऊ दिलं नाहीस.”

“तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. मग वाटलं, वाया कशाला घालवायचं? कुणाचं तरी भलं झालं ना त्यानं?”

“तुला बहीण हवी होती तर जिवंत असताना मागायचीस,” ऊलकान म्हणाली. “मेलेली कशाला उचललीस?”

तिनं शिष्यवृत्तीच्या कचेरीत जाऊन सांगितलं. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. कोण खरं, हे आम्ही कसं ठरवणार, म्हणाल्या. वर काळजीनं सल्लाही दिला, की आता हे तुम्ही लिहिलंत तर तुम्हीच उचलल्यासारखं दिसेल.

घरी आई शेवयांची कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, “सांगताना रडली का ती?”

“रडली.”

“मयताच्या घरी परकी बाईसुद्धा रडायला येते. रडून झालं की आपल्या घरी जाते. ही आपलं माणूस घेऊन गेली.”

त्या वर्षी ऊलकाननं पुन्हा अर्ज केला. रस्त्याबद्दल लिहिलं, रक्त साठवायच्या सोयीबद्दल लिहिलं, बहिणीबद्दल अक्षर नाही. नाव प्रतीक्षा यादीपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. ती अजून गावातच आहे.

सेयिलची मुलगी आता शाळेत जाते, आईविषयी विचारते. ऊलकान तिला आईचा राग सांगते, तिचं हसणं, घोड्यावर बसायची तिची हौस सांगते. त्या दिवसाचं सांगायला मात्र ती धजत नाही. शब्द जुळवू लागली, की मनात पेरीजातचीच वाक्यं येतात.