हरणांसाठी पेरलेलं शेत

डोंगरावर जायचं असलं की तानाबे-सान दोन दिवस आधीपासून साबण लावायचे नाहीत. अंगालाही नाही आणि कपड्यांनाही नाही. कपडे नुसत्या पाण्यातून काढायचे आणि बाल्कनीत वाऱ्यावर टांगायचे. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा त्यांनी माझ्याशीही हा विषय काढला, पण त्यांच्या पद्धतीने, म्हणजे सगळ्या गावाला वळसा घालून. आधी हवेबद्दल बोलणं झालं, मग हरणाचं नाक किती तीक्ष्ण असतं ते झालं, मग चहा झाला. शेवटी टेबलाकडे बघत म्हणाले, "पातांकारु-सान, तुमचा कोट शुक्रवारी घराबाहेर टांगून ठेवता येईल का? आणि शनिवारी सकाळी ते पिवळं, तेलात तडतडणारं... ते नको."

पाटणकर हे आडनाव त्यांच्या तोंडात कधीच नीट बसलं नाही. तडतडणारं म्हणजे फोडणी. मी आधी हसले आणि मग मला एकदम वाईट वाटलं. महिनाभरापूर्वीच आमच्या इमारतीत जिन्याखाली एक सूचना लागली होती, स्वयंपाकाच्या वासाबद्दल. नाव कोणाचंच नव्हतं, पण अख्ख्या इमारतीत हिंग एकाच घरात होता. माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसला असावा. म्हणाले, "मला बंदुकीच्या तेलाचा वास येतो. माझी बायको नेहमी तक्रार करायची. वास सगळ्यांनाच असतो. हरणाला कळू द्यायचा नाही, एवढंच."

नागोयाला आम्ही आलो ते अभयच्या नोकरीमुळे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्यातल्या सोसायट्यांमधून एकेक जोडपं उठत होतं आणि जपानला जात होतं. अभय गाड्यांच्या इंजिनांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा, आणि शनिवारीसुद्धा लिहायचा. मला भाषा येत नव्हती, त्यामुळे काम नव्हतं, आणि काम नव्हतं म्हणून भाषा येत नव्हती. दिवसभरात माझ्याशी बोलणारं कोण, तर कोपऱ्यावरच्या कॉम्बिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली मुलगी. तीही एवढंच विचारायची, की हे गरम करून देऊ का. शहराच्या सभागृहात परदेशी लोकांना फुकट जपानी शिकवतात असं कळलं म्हणून मी गेले. तिथे माझ्या वाट्याला तानाबे-सान आले.

बुटके, रुंद खांद्यांचे, सत्तरी गाठलेले गृहस्थ. सुट्या भागांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगी टोकियोला. पुस्तकात धडा होता, 'शनिवारी तुम्ही काय करता?' मी उत्तर दिलं, "काही नाही." मग धड्याच्या नियमाप्रमाणे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी हरणांसाठी शेत करतो." मला वाटलं, किती दयाळू माणूस. त्यांचं पुढचं वाक्य होतं, "आणि मग मचाणावर बसून त्यांना मारतो."

मी जन्माची शाकाहारी. आमच्या घरी अंडं आणलं तर वेगळ्या पातेल्यात उकडतात. तरी मी त्यांच्याबरोबर गेले, कारण शनिवार रिकामा होता. एकटं माणूस कुठेही जायला तयार होतं, हे मला तिथे कळलं.

शहरापासून दोन तासांवर त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. डोंगराच्या कुशीत चार-पाच पायऱ्यांची भातखाचरं. कोणी कसत नव्हतं तशी ती बांबूने गिळली होती. तानाबे-सानांनी बांबू तोडून काढला. वरच्या अंगाची देवदारासारखी उंच झाडं ऊन अडवायची, त्यातली काही पाडली. त्या झाडांच्या पाल्याने माती आंबट होते म्हणून चुना पसरला. मग सप्टेंबरात ओट आणि तिपानी क्लोव्हर पेरला, आपल्या लसूणघासाच्या जातीचा. माझं माहेर सांगलीकडचं. घासाचं बी बारीक असतं, ते मातीत कालवून फेकायचं असतं, हे मला माहीत होतं. मी फेकून दाखवलं तेव्हा ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "अरे वा. इंडियातही हरणांना वाढतात?" मी म्हटलं, "म्हशींना." यावर ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

शेत त्यांनी मुद्दाम लहान ठेवलं होतं आणि कडेने झुडपांची भिंत राखली होती. उघड्यावर हरीण बाहेर येत नाही. मचाण खालच्या बाजूला, वारा शेताकडून आपल्याकडे येईल असं. समोर डोंगराची उभी माती, म्हणजे नेम चुकला तरी गोळी मातीत जाईल. मचाणाकडे जाणारी पायवाट ते दर वेळी झाडून काढायचे, एक काटकी पायाखाली मोडू नये म्हणून. स्वतःच्या फ्लॅटमध्ये त्यांनी इतक्या निगुतीने केर काढला असेल असं मला वाटत नाही. "हरीण भूक लागली म्हणून येत नाही," ते म्हणायचे, "भीती वाटली नाही म्हणून येतं." आणि बसून बसून मला कंटाळा आला की म्हणायचे, "ज्याने बोलावलं त्याने थांबावं."

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तिथली शिकार अशी नसते, हे मला तेव्हा समजलं. तिथे हाका घालतात. काही जण कुत्री घेऊन डोंगर हाकत येतात, काही जण वाटा अडवून बंदुका घेऊन उभे राहतात. सापडलेल्या जनावराचे सारखे वाटे होतात. ज्याने मारलं त्याला जेवढं, तेवढंच ज्याने नुसतं ओरडून रान उठवलं त्याला. तानाबे-सानांचा असा एक कंपू होता, शाळेपासूनचा. त्यातला एक गेला, मग दुसरा. एकाला अर्धांगाचा झटका आला. कुत्री ज्याची होती त्याच्या मुलाने ती देऊन टाकली. "हाक्याला माणसं लागतात," ते म्हणाले. "माणसं उरली नाहीत. मग हरणांनाच बोलवावं लागतं." हे त्यांनी थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. मी मात्र त्यानंतर शनिवार चुकवला नाही.

खाली वस्तीत उरलेली मोजकी घरं होती, त्यातलं एक काटो-सानांचं. हे वस्तीचे प्रमुख. वय तानाबे-सानांहून जास्त, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. त्या नोव्हेंबरात, शिकारीचा हंगाम उघडला त्याच आठवड्यात, त्यांनी आमचा छोटा ट्रक वाटेत अडवला. मी दोघांच्या बोलण्यातलं निम्मं समजले, उरलेलं तानाबे-सानांनी नंतर सांगितलं. काटो-सानांचं म्हणणं असं, "तू शहरात राहतोस आणि इथे हरणांना पंगत घालतोस. जेवण तुझ्याकडे आणि मुखशुद्धी माझ्या भातावर." वस्तीने ठरवलं होतं, हा एक हिवाळा बघायचा. त्या मचाणावरच्या बंदुकीने एक तरी हरीण पडलं तर शेत राहू दे. नाही पडलं तर वसंतात नांगर फिरवायचा आणि मचाण काढायचं.

तानाबे-सानांनी वाकून होकार दिला. ट्रकमध्ये बसून किल्ली लावली. मग म्हणाले, "शेत गेलं तर मला इथे यायला कारण उरणार नाही. शनिवारी काय करता, असं कोणी विचारलं तर मीही काही नाही म्हणेन."

तो हिवाळा आम्ही मचाणावर काढला. फळीवर दोघं शेजारी, अंगावर भडक नारिंगी जाकिटं, मांडीवर चादर. बोलायचं नाही. खोकला आला तर कोटाच्या बाहीत. सूर्य मावळला की कायद्याने गोळी झाडायची नाही, आणि हरणं जणू पंचांग बघून निघायची. तानाबे-सान घड्याळ बघून बंदूक रिकामी करायचे, काडतुसं खिशात टाकायचे, आणि थोड्याच वेळात झुडपातून एक मादी अलगद बाहेर पडायची. तिच्यामागे दुसरी. संधिप्रकाशात त्या क्लोव्हर ओरबाडताना आवाज यायचा, गोठ्यात येतो तसाच. एकदा खाली ट्रकपाशी काटो-सान म्हणाले, "पाच-दहा मिनिटांनी काय होतंय? इथे कोण बघतंय?" तानाबे-सान म्हणाले, "मी घड्याळ बघतोय ना." मला त्यांचा रागच आला. एवढं सगळं पणाला लागलेलं आणि हा माणूस मिनिटं पाळतोय. पण मी काय बोलणार, मला क्रियापदांची रूपंही धड येत नव्हती.

असं करत फेब्रुवारी आला. हंगामाचा शेवटचा शनिवार. सकाळी बर्फ पडून गेला होता आणि रानातलं सगळं खाणं झाकलं गेलं होतं. आम्ही दुपारीच फळीवर चढलो. आमच्या ओटाचे तुरे तेवढे बर्फातून वर दिसत होते. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं, तेवढ्यात एक नर आला. एकटाच. चार पावलं टाकली की मान वर करून वारा घ्यायचा. मी श्वास धरला. मनात म्हटलं, जा रे बाबा. लगेच म्हटलं, थांब, जाऊ नकोस. दोन्ही मी मनापासूनच म्हटलं.

आवाज झाला आणि माझे कान बधिर झाले. हरीण दोन उड्या मारून पडलं. तानाबे-सानांनी बंदूक उघडून रिकामी केली, बाजूला ठेवली, हात जोडले आणि डोकं टेकवलं. आनंद वगैरे काही नाही. खाली उतरून त्यांनी सुरीने जे करायचं ते केलं. मी पाठ फिरवून उभी राहिले.

खरी गोष्ट पुढे झाली. जनावर खाचरांवरून खाली ट्रकपर्यंत न्यायचं होतं. त्यांनी शिंगांना दोर बांधला, दोर खांद्यावर घेतला आणि ओढलं. एक बांध उतरले आणि बसले. चेहरा बर्फासारखा पांढरा झाला होता. पुन्हा उठले, पुन्हा बसले. खाली काटो-सान बंदुकीचा आवाज ऐकून येऊन उभे होते. ते वर चढू शकत नव्हते. तानाबे-सान माझ्याकडे बघत नव्हते आणि मागतही नव्हते. मी हातमोजे घातले आणि दोर धरला. जनावर गरम होतं, अजून. माझ्या आईला हे आजवर ठाऊक नाही. दोघांनी मिळून ओढत ओढत, प्रत्येक बांधाला थांबत, दिवस मावळेपर्यंत आम्ही ते खाली आणलं. काटो-सानांनी हरीण बघितलं, मग मला बघितलं, आणि म्हणाले, "ठीक आहे. शेत राहू दे."

वाटे काटो-सानांच्या पडवीत झाले. गेलेल्या सोबत्यांच्या घरी बायका होत्या, त्यांचे वाटे. अर्धांगवाल्याचा. काटो-सानांचा. शेवटी एक वाटा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "तानाबे-सान, मी खात नाही, तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "खाणं न खाणं तुमचा प्रश्न. ओढणाऱ्याचा वाटा असतो." त्या देशात मला कोणी वाटा दिला तो तेवढाच. मी तो मांडीवर घेऊन घरी आले आणि वाटभर रडले. अभयच्या ऑफिसातल्या कोल्हापूरच्या सावंतने त्याचा तांबडा रस्सा केला, त्याच्या घरी, आणि फोन करून म्हणाला, "वहिनी, पुढच्या वर्षी जरा जास्त आणा."

पुढचं वर्ष आमच्या हातात नव्हतं. अभयचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं आणि पुण्याच्या ऑफिसने परत बोलावलं होतं. घरी जायचा मला आनंदच होता, तो मी कशाला लपवू. शेवटच्या वर्गाला मी तानाबे-सानांना सांगितलं. ते नवीन बियाण्यांचं पाकीट घेऊन आले होते, मला दाखवायला. "असं का," एवढंच म्हणाले. मग पुस्तक उघडून धडा घेतला, नेहमीसारखा पूर्ण, आणि माझ्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करून दिल्या.

पुण्याला आल्यावर संसाराच्या रगाड्यात महिने गेले. नोव्हेंबरात हंगाम उघडायचा दिवस आठवला आणि त्या संध्याकाळी मी त्यांना फोन लावला. वाटलं, डोंगरावरून परतले असतील, काय झालं ते सांगतील. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"आज गेला नाहीत?" मी विचारलं.

"बंदूक पोलिसांकडे जमा केली. उन्हाळ्यातच."

"पण काटो-सान तर हो म्हणाले होते. शेत राहू दे म्हणाले होते."

"हो, शेत आहे. क्लोव्हर या वर्षी छान आलाय म्हणतात." मग म्हणाले, "पातांकारु-सान, मारता एकट्यालाही येतं. खाली आणता येत नाही."

माझं जपानी एव्हाना गंजलं होतं.  त्यांनीच विचारलं, तिकडे किती वाजले, जेवण झालं का. मी म्हटलं, अजून फोडणी द्यायचीय. ते हसले. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, तरी त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. त्यांच्या टीव्हीवर कोणीतरी उद्याची हवा सांगत होतं. ती आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकली.