उतरत्या भावातलं घर

द्यूवर स्लॉटनं आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या किमतीला घेतली नाही. शवपेटीसुद्धा नाही. भाऊ गेला तेव्हा पेटीवाल्याशी तिनं इतकी घासाघीस केली की शेवटी तो बिचारा म्हणाला, "मावशी, लाकडाच्या भावात नेताय." यावर ही म्हणाली, "लाकूड मला कळतं. बीच झाडाचं असतं तर गोष्ट वेगळी होती."

लाकूड तिला कळत होतंच. आमच्या बंदरात मीठगल्लीच्या टोकाला तिची वामा धुरवायची भट्टी होती. पहाटे मासळीच्या लिलावात वाम घ्यायची, दिवसभर धुरावर टांगायची आणि शनिवारी विकायची. चाळीस वर्षं तिनं हेच केलं. भट्टीपुढच्या घरात ती आणि भाऊ सीमन राहायचे. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. घर सीमनच्या नावावर होतं, कारण बाप त्या काळचा. त्यानं घर, मागच्या भट्टीच्या जागेसकट, मुलाला दिलं आणि भट्टीचा धंदा मुलीला दिला. भिंती त्याच्या, धूर हिचा.

सीमन हिशेबी माणूस. मृत्युपत्र करायचं म्हणजे नोटरीला पैसे द्यायचे, म्हणून पुढच्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू, असं म्हणत म्हणत एका दुपारी खुर्चीतच गेला. नोटरीचे पैसे वाचले आणि घर वाऱ्यावर सुटलं. कायद्यानं अर्धं घर द्यूवरला आलं आणि अर्धं तिच्या वारलेल्या बहिणीच्या दोन मुलांना. त्यातला मोठा रुलॉफ. दूर आपेलडोर्न शहरात असतो, स्वयंपाकघरं बसवून देतो. तो अंत्यविधीच्या कॉफीलाच मावशीजवळ येऊन बसला.

"मावशी, तुझ्यासाठी छान जागा बघून ठेवलीय. लिफ्टसुद्धा आहे."

"लिफ्टनं जायचं कुठं मी?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"तिथं माझं कोण आहे?"

रुलॉफनं कपातली कॉफी संपवली. पंधरवड्यात नोटरीकडून निरोप आला की घर विकायचंय, तेही लिलावानं. दलाल नेमला असता तर त्याला टक्के द्यावे लागले असते. लिलावाचा खर्च घेणाऱ्याच्या बोकांडी बसतो. शेवटी रुलॉफही स्लॉटांच्याच रक्ताचा.

द्यूवर माझ्याकडे आली ती रडायला नाही, भांडायला आली. भाडेकरूंच्या संघटनेचं काम मी करते, म्हणून गावात कुणाचंही घर जायला लागलं की तो माझाच गुन्हा असतो.

"हिस्के, तू एवढे मोर्चे काढतेस. काढ की एक."

"मोर्च्यानं काय होणार? कायदा त्यांच्या बाजूनं आहे. तू बोली लाव. किती देऊ शकतेस ते सांग."

बरीच टाळाटाळ करून तिनं आकडा सांगितला. स्वतःचा अर्धा वाटा धरून दोन लाख दहा हजार युरोच्या भावापर्यंत तिला घर घेता येत होतं, वर एक युरो नाही. बाजारात त्या घराचे साडेतीन सहज आले असते. मीठगल्लीत सोमवार ते शुक्रवार निम्म्या खिडक्या अंधारात असतात. ती घरं शनिवार-रविवारवाल्यांची. असं एक घर त्यांनी घेतलं की आमची दोन मुलं गावाबाहेर जातात.

आता आमच्याकडे घराचा लिलाव होतो तो मासळीसारखाच. भाव वरून खाली येतो. पुकारणारा एक मोठा आकडा घेतो आणि पायरी पायरीनं उतरत जातो. जो पहिल्यांदा 'माझं' म्हणून ओरडेल त्याचं घर. म्हणजे बोलायचं एकदाच, आणि त्याआधी गप्प बसायचं. मी ठरवलं, सगळ्या गावाला गप्प बसवायचं.

मी कुणाला धमकावलं नाही. फक्त आठवण करून दिली. बेकरीवाल्याला सांगितलं की द्यूवर तुझ्या आईला उधारीवर वाम द्यायची. दंतवैद्याला सांगितलं की तुझ्याकडे दोन घरं आहेत आणि दात मात्र आमचेच आहेत. सगळे म्हणाले, "छे छे, हिस्के, आम्ही कशाला ओरडू?" आमच्या गावात कुणी कुणाचं भलं केलं तर ते तोंडानं बोलून दाखवत नाहीत. तोंडच उघडायचं नाही म्हटल्यावर सगळ्यांना फार बरं वाटलं.

राहिले बाहेरचे. घर बघायच्या दिवशी मी समोरच्या बाकावर जाऊन बसले. एक जोडपं आलं. गळ्यात मफलर, पायात पांढरे बूट.

"हा वास कसला हो?" बाईंनी विचारलं.

"वामेचा."

"रंग दिल्यावर जाईल ना?"

"त्याच्या आधी चर्च जाईल."

नवऱ्यानं मान तिरकी करून भिंत पाहिली. "घर पुढं झुकलंय का?"

"तीनशे वर्षं झुकतंय. घाई नाही त्याला."

"दरवाजाचा रंग तरी बदलता येईल?"

"येईल की. जुन्या वास्तूंच्या समितीकडे अर्ज करायचा. मग समिती येते, दरवाजा खरवडते, कॉफी पिते आणि कळवते की आहे तोच रंग लावा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या दिवशी दहा-बारा जण आले आणि सगळ्यांना मी खरं खरं सांगितलं. लिलावाला त्यातला एकही फिरकला नाही.

मग एक शेवटची गोष्ट कानावर आली. बारमध्ये तिसऱ्या ग्लासानंतर रुलॉफ बोलून गेला की दोन लाखांच्या खाली गेलं तर लिलाव रद्द करायचा, घर दलालाकडे द्यायचं आणि मग मावशीला लिफ्टच. मी धावत द्यूवरकडे गेले.

"नीट ऐक. दोन-दहा ते दोन. एवढ्यातच तुला ओरडायचंय. दोन-दहा म्हटलं की तोंड उघड."

"कुणी सांगितलं तुला?"

"रुलॉफनंच. बारमध्ये."

"प्यायलेला होता ना? प्यायलेल्याचा भाव कधी खरा असतो का?"

"मावशी, डोकं फिरवू नकोस. आणि भाव पडला तर त्यात तुझा अर्धा वाटाही पडतो, हे कळतंय ना?"

"पडू दे. पडता भाव बघायला छान वाटतं."

लिलाव बंदरातला माल तोलायच्या जुन्या वजनघराच्या वरच्या दालनात होता. गाव जमलं होतं. मधल्या टेबलाशी नोटरीबाई, शेजारी पुकारणारा, समोर रुलॉफ आणि त्याचा भाऊ, दोघंही इस्त्रीचे शर्ट घालून. द्यूवर दुसऱ्या रांगेत, मी तिच्या बाजूला. मागे भिंतीला टेकून माइन्डर्ट उभा होता.

माइन्डर्टबद्दल सांगायला हवं. पलीकडच्या धक्क्यावर त्याची भट्टी होती. मासळीच्या लिलावात ही दोघं समोरासमोर बसायची. द्यूवर नेहमी अजून थोडा उतरू दे, अजून थोडा, करत थांबायची आणि अर्ध्या श्वासानं आधी माइन्डर्ट वाम उचलायचा. यावरून दोघांत तीस वर्षं धड बोलणं नव्हतं. भट्टीची जागा त्यानं हॉटेलवाल्याला विकली. आलेल्या पैशांत या गावात कुठलंच घर येईना, म्हणून तो मुलीच्या बैठकीत सोफ्यावर झोपतो. मुलगी स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि मोठ्या घरासाठीच्या सरकारी यादीत तिची मुलं मोठी होतायत. मी त्यालाही गप्प बसायला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "बघू."

पुकारणाऱ्यानं चार लाखांपासून सुरुवात केली. तीन नव्वद. तीन ऐंशी. कुणी हललं नाही. तीन पन्नासला रुलॉफनं मागे वळून पाहिलं. सगळं गाव छताकडे बघत होतं.

तीन लाख झाले आणि दालनात कण्हण्यासारखा आवाज आला. आमच्या लोकांची जात कशी, तर दुसरा पाव अर्ध्या किमतीत मिळतो म्हणून पहिलाही घेणारी. त्यांच्या डोळ्यांदेखत मीठगल्लीतलं घर, मागच्या अंगणासकट, मातीमोल होत चाललं होतं आणि ओरडायला बंदी. दोन ऐंशीला बेकरीवाला उठून बाहेर गेला. दोन साठला दंतवैद्यानं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. दोन चाळीसला त्याच्या बायकोनं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले.

"दोन लाख दहा हजार."

मी कोपर मारलं. द्यूवर पुकारणाऱ्याच्या ओठांकडे बघत होती. मासळी बघताना व्हायचे तसे तिचे डोळे झाले होते.

"मावशी!"

"थांब गं. उतरतोय."

"दोन लाख आठ."

"ओरड!"

"कुणीच ओरडत नाहीये. मग मी कशाला घाई करू?"

"अगं, तुझ्यासाठीच कुणी ओरडत नाहीये!"

"मग तर झालंच."

दोन सहा. दोन पाच. दोन चार. दोन तीन. पायरी लहान झाली होती. रुलॉफनं नोटरीबाईंकडे बघून बोट वर करायला घेतलं. तो नुसतं नशेत बरळला नव्हता, हे मला त्या बोटावरून कळलं. द्यूवरलाही दिसलं असणार. पण तिचं तोंड उघडेना. चाळीस वर्षांची सवय जबड्यात बसलेली.

"दोन लाख दोन ह—"

"माझं!"

मागून आला आवाज. माइन्डर्टचा.

सगळं दालन वळलं. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, "मेल्या!" नोटरीबाईंनी पेन उचललं. रिवाजाप्रमाणे विचारलं, "स्वतःसाठी, की आणखी कुणासाठी? नाव आत्ताच सांगावं लागेल."

आमच्याकडे तसं चालतं. दुसऱ्याच्या वतीनं ओरडता येतं. माइन्डर्टनं टोपी काढली. तिच्या आत बघत राहिला. दोन लाख दोन हजार. तेवढे त्याच्याकडे होते, आणि तेवढ्यात या गावात घर मिळायची वेळ त्याच्या हयातीत पुन्हा येणार नव्हती. मला राग यायला हवा होता. पण मुलीच्या बैठकीतला तो सोफा आठवला.

"सांगा," नोटरीबाई म्हणाल्या.

"तिच्यासाठी," तो म्हणाला. "स्लॉटबाईंसाठी."

लोकांनी बाकं बडवली. दंतवैद्यानं तोंड सोडलं. रुलॉफनं 'हे चालतं का?' म्हणून आरडाओरडा केला. नोटरीबाईंनी त्याला खाली बसवलं आणि द्यूवरपुढं कागद सरकवला. "तुम्हाला मान्य असेल तर इथे सही करा."

द्यूवरनं चष्मा लावून आकडा वाचला.

"दोन लाख दोन? मी नाही करणार."

"काय?" मी म्हणाले. "का?"

"मला एक नव्वदला मिळालं असतं. यानं मधेच तोंड घातलं. तीस वर्षं हेच करतोय."

"मावशी, सही कर, नाहीतर मी तुझा हात धरून करीन!"

"तू गप. हा पैसा झाडाला लागत नाही."

नोटरीबाईंना हा प्रकार नवीन असावा. त्यांनी माइन्डर्टकडे बघितलं. माइन्डर्टनं टोपी डोक्यावर ठेवली.

"राहू दे," तो शांतपणे म्हणाला. "बाईंना नको असेल तर घर माझ्यावरच येतं ना? मीच ठेवतो. मागच्या भट्टीत अजून धूर धरेल."

"माझ्या भट्टीत?" द्यूवर उठून उभी राहिली. "तू? तुला तर धुरवायचं आल्डरचं लाकूड आणि दाराची फळी यातला फरक कळत नाही!" आणि तिनं नोटरीबाईंच्या हातातलं पेन हिसकावून सही केली. कागद फाटायचा राहिला.

घर तिचं झालं. तेव्हापासून गावात जो भेटेल त्याला ती सांगते की माइन्डर्टमुळे तिचे बारा हजार बुडाले. माइन्डर्टला विचारलं तर तो कधी म्हणतो, दया आली. कधी म्हणतो, सवयीनं तोंडातून निघून गेलं. आणि एकदा म्हणाला की नाव घ्यायच्या आधी टोपीत बघताना मी देवाला काय काय म्हणालो ते तुला सांगणार नाही, हिस्के. मीही पुन्हा विचारलं नाही.

या वसंतात नगरपालिकेनं मीठगल्लीमागच्या जुन्या गोदीवर भाड्याची घरं बांधायचं ठरवलं. स्वस्त घरं, गावातल्यांसाठी. त्या ठरावासाठी आम्ही चार वर्षं भांडलो. सुनावणीला हरकत घेणारे कोण कोण आहेत ते बघायला मी गेले. वाटलं, शनिवार-रविवारवाले असतील. ते होतेच. आणि त्यांच्या मधोमध, मफलरवाल्यांच्या रांगेत, आमची द्यूवर.

"मावशी, तू इकडं कशी?"

"अंगणात सावली येईल माझ्या. आणि घराची किंमत पडेल."

"किंमत? तुला विकायचंय का घर?"

"नाही."

"मग पडली तर पडली!"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तुझं घर भाड्याचं आहे."

मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. अध्यक्षांनी मला दोनदा बाहेर जायला सांगितलं, मी गेले नाही. समोरच्या रांगेत मुलीसोबत माइन्डर्ट बसला होता. द्यूवरची बोलायची पाळी आली तेव्हा त्यानं कानातलं यंत्र नीट बसवलं आणि तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मुलीच्या कानाशी वाकून पण सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाला, "छान बोलते गं. आता तोंड उघडायला थांबत नाही."