आरोपी आदिलाबादचा, अनारसे निर्मलचे

माझ्या नवऱ्याला परदेशात अटक झाली ती अनारशांमुळे. हे मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलं, आणि प्रत्येकानं आधी हसून घेतलं, मग माझा चेहरा पाहून तोंड मिटलं. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर जास्त हसले असते.

तेलंगणा वेगळं होऊन वर्ष झालं होतं. त्या साली अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावतात, पोटभर जेवू घालतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात, वर दिवा लावून. माझं माहेर मुधोळजवळच्या खेड्यातलं, सासर इचोड्याजवळचं. नवरा आखातातल्या एका देशात एसी दुरुस्तीचं काम करायचा, आणि मी सासरी राहून गावच्या मराठी शाळेत शिकवायचे. तो नेमका सुट्टीवर आलेला. आईला काय, आयतीच संधी. तिनं तीन-तीन दिवस तांदूळ भिजवले, कांडले, गुळात मळले, आणि अनारसे असे जाळीदार तळले की शेजारणी मुद्दाम बघायला आल्या. निघताना तिनं ताकीद दिली, "वाणातला एकबी कमी करायचा नाई हं जवाईबापू. सगळे तुमचेच."

आमचे जवाईबापू आज्ञाधारक. त्यांनी एकही कमी केला नाही. डबा तसाच बॅगेत घातला आणि विमानात बसले.

अनारशाच्या एका अंगाला खसखस असते, आणि खसखस हे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते. त्या देशात ती आणणं म्हणजे अमली पदार्थांचा गुन्हा, हे आमच्या दोन्ही घरांत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. विमानतळावर डबा उघडला तेव्हा त्यानं मोकळेपणानं सांगितलं की सासूबाईंनी दिलंय. पुढे कोर्टात याच अनारशांवर प्रश्न निघाले. एका माणसाला एवढे कशाला? सगळे एका मापाचे कसे? मोजून का ठेवलेत? बी एकाच बाजूला का चिकटवलंय? घरचा खाऊ कुणी असा मोजून देतं का? आता यांना धोंड्याचा महिना कोण समजावणार!

बातमी कळली त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी माझ्या हातून फोन ओढून घेतला आणि माझ्या आईला म्हणाल्या, "इहीनबाई, तुमी माझ्या पोराले खाऊ नाई, बेडी देल्ली!" आई एरवी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. बैलबाजारात दलालाला गप्प बसवलेली आहे. त्या दिवशी तिनं सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर तिनं चुलीवर कढई ठेवणं सोडलं. दिवाळी आली आणि कोरडी गेली. चहातसुद्धा ती साखर घालेना. मी म्हटलं, "आई, तू काऊन सोताले शिक्षा करून राह्यली?" तर म्हणाली, "तो तिकडं काय गोड खाऊन राह्यला काय?"

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण मी वर्गात शिकवलेली आहे, आणि अर्ज घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी निघाले तेव्हा तीच डोक्यात होती. सोमवारी तिथं लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा दरबार असतो, प्रजावाणी म्हणतात त्याला. रांगेत माझ्यापुढे जमिनीची भांडणं, मागे रेशनची. अर्ज हातात घेणारा अधिकारी मात्र नीट वाचणारा निघाला. "जेलमध्ये? आणि मिठाईमुळे?" असं त्यानं तेलुगूत दोनदा विचारलं आणि माझ्यासमोरच हैदराबादला फोन लावला. तिथून गोष्ट दिल्लीला गेली. आणि माझी म्हण खोटी पाडत थोड्याच दिवसांत परदेशातून थेट माझ्या मोबाइलवर फोन आला. आपल्या दूतावासातले साहेब बोलत होते.

या साहेबांना मी कधी पाहिलं नाही. आवाज ओळखीचा झाला, तेवढंच. ते जेलात जाऊन माझ्या नवऱ्याला भेटले, त्याला मराठी बोलायला मिळावं म्हणून तिथल्याच एका सोलापूरच्या माणसाला सोबत घेऊन गेले, आणि घरच्यांशी त्याचं बोलणंही घडवून आणलं. नवरा फोनवर सगळ्यात आधी एवढंच म्हणाला, "मामीले काई बोलू नका." आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. हा निरोप मी सासूबाईंना दिला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खालच्या कोर्टानं त्याला चार वर्षं ठोठावली. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. पण साहेब खचले नाहीत, मला तर त्यांचा रागच आला की हा माणूस इतका शांत कसा. दूतावासानं वकील दिला, वरच्या कोर्टात अपील झालं. मग एक दिवस साहेबांनी मला सांगितलं, "टीचरजी, हमारे कहने से कोई नहीं मानेगा कि ये मिठाई है. आपके यहाँ का कोई सरकारी अफसर अपनी आँखों से बनते हुए देखे, लिखकर दे, और वीडियो भेजे." म्हणजे अनारशांचा पंचनामा. मी म्हटलं, एवढंच ना! उद्याच करून टाकते.

आणि नेमके त्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले.

जुना आदिलाबाद जिल्हा म्हणजे केवढा! इकडे आमचा कापूस-जोंधळ्याचा सीमाभाग, तिकडे बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणी. आता बेल्लमपल्ली तिसऱ्याच जिल्ह्यात गेलं, मुधोळ निर्मल जिल्ह्यात, आणि इचोडा आदिलाबादेतच राहिलं. रातोरात माझं माहेर परजिल्ह्यात गेलं. कचेऱ्यांमधून टेबलं, कपाटं, गठ्ठे टेम्पोत चढत होते. जे साहेब काल इथं होते ते आज तिथं, आणि तिथले कुठं हे कुणाला विचारावं तर तोही नवाच. मी गेले तेव्हा एका बिचाऱ्यानं माझे कागद दोनदा वाचले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मॅडम, आरोपी आदिलाबादचा आहे, पण अनारसे निर्मलचे आहेत."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "का हो, अनारशाला रेशनकार्ड असतं का?" तो हसला आणि खुर्ची पुढे सरकवून समजावू लागला. पंचनामा ज्याच्या त्याच्या हद्दीतच होतो. बनवणारी बाई निर्मलची, तिथं इथल्या अधिकाऱ्याला अधिकार नाही. निर्मलला जावं तर तिथले म्हणतील, आरोपीचा पत्ता आमचा नाही, आम्ही त्याच्यासाठी लिहून कसं देणार? आणि तिथले खरंच तसंच म्हणाले. दोन्हीकडची माणसं चांगली होती, हीच तर अडचण. वाईट असती तर निदान कडाकडा भांडता आलं असतं.

संध्याकाळी मी हताश होऊन आईला फोन केला. इतके दिवस अनारशांचा शब्द तिच्यापुढे मी काढत नव्हते, पण आता इलाज नव्हता. सगळं ऐकून ती म्हणाली, "मंग त्यात काय एवढं? पीठ घेऊन मीच येतो ना आदिलाबादले. तुह्या सासरी तळतो. मंग तर अनारसे तुमच्याच जिल्ह्याचे होतील ना?"

मी फोनवरच ओरडले. एवढ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, एवढी सुशिक्षित मी, एवढे साहेब, आणि कुणालाच हे सुचलं नव्हतं. पण ती कढई चढणार होती माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, आणि त्या दोघी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

आई बसनं आली, पिठाचा डबा मांडीवर धरून. सासूबाई दारात उभ्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला सरकल्या. आईनंही त्यांच्याकडे न पाहता पदर खोचला आणि चुलीपाशी बसली.

सकाळी जीप आली. एमआरओ मॅडम, म्हणजे आमच्या भाषेत तहसीलदार, तरुण तेलुगू बाई होत्या. सोबत त्यांचा गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, एक कॅमेरावाला आणि गावातले पंच. पंचांत इचोड्याचा किराणा दुकानदारही होता, खसखशीची पुडी घेऊन आलेला, दुकानात ती उघडपणे विकतो हे सांगायला. एवढी माणसं स्वयंपाकघरात मावेनात, तर गिरदावर खिडकीबाहेर उभा राहून लिहू लागला.

आईनं पिठाची गोळी पळसाच्या पानावर खसखशीत थापली आणि मॅडमच्या तोंडावर एकदम ओळखीचं हसू आलं. "हे तर आमचे अरिसेलु!" त्या म्हणाल्या. "पण आम्ही तीळ लावतो. तुम्ही तीळच का नाही लावले?" मी आईला मराठीत सांगितलं. आई त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "तिळाचं संक्रांतीले वो बाई. धोंड्याले खसखस." मी तेलुगूत करून सांगायच्या आधीच मॅडम मान हलवायला लागल्या. त्यांच्याकडे अरिसेलु संक्रांतीलाच करतात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणालातरी न समजावता समजलं होतं.

आणि मग घात झाला. पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. म्हणजे विरघळून चारी बाजूंनी पसरला. आईचा चेहरा पांढरा पडला. वर्षभरात तिनं कढई धरली नव्हती, त्यात परकं घर, परकी चूल आणि तोंडावर कॅमेरा. तिनं झारा खाली ठेवला. मला वाटलं, गेलं सगळं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. चुलीतलं एक लाकूड त्यांनी मागे ओढलं, आच मंद केली आणि आईजवळ पाट घेऊन बसल्या. "आमची चूल लई भडकते," त्या म्हणाल्या. "आता टाका." वर्षानंतरचं पहिलं बोलणं हे. दुसरा अनारसा तुपात गेला, आणि आई झाऱ्यानं त्याच्यावर तूप उडवू लागली. जाळी सुटली, खसखस वर टिपूर दिसायला लागली. मॅडमनी विचारलं, "उलटत नाही?" आई म्हणाली, "उलटला तं खसखस जळते. म्हून एकाच अंगाले लावतो." म्हणजे कोर्टातला एक प्रश्न तिथंच सुटला. मग तेहतीस का, हेही पंचांनी सांगितलं, प्रत्येकानं आपापल्या सासूचा दाखला देत.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. एकदम कॅमेऱ्याकडे वळल्या आणि तिकडच्या कोर्टाशीच भांडायला लागल्या. "काहून रे बापा, माह्या पोराले अफूवाला म्हणता? आमी कापसाचं बी पेरणारी माणसं. तळलेलं बी कुठं उगवते काय? हे घ्या, अन् उगवून दाखवा!"

मी भाषांतर केलं. मॅडम खिडकीबाहेरच्या गिरदावराला म्हणाल्या, "हे शब्दाला शब्द लिहा." मग कॅमेरावाल्यानं विचारलं, हसलेल्या अनारशाचं काय करायचं? चित्रफितीत ठेवायचा की काढायचा? मॅडम म्हणाल्या, ठेवा. नाटक असतं तर पहिलाच नीट जमला असता.

पंचनामा आणि चित्रफीत हैदराबादला गेली, तिथून दिल्लीला, तिथून समुद्रापलीकडे. या वेळी कुणीच विचारलं नाही की अनारसे कुठल्या जिल्ह्याचे.

निकालाच्या दिवशी मी तिसरीच्या वर्गात बेरीज घेत होते. साहेबांचा फोन आला आणि त्यांचा तो शांत आवाज प्रथमच शांत नव्हता. चित्रफीत कोर्टात दाखवली होती. न्यायाधीशांना चंद्राचे महिने ओळखीचे, पण त्यात एक महिना जास्तीचा घालतात याचं त्यांना फार नवल वाटलं. आणि वकिलानं शेवटी फक्त सासूबाईंचं वाक्य वाचलं होतं. तळलेलं बी उगवत नाही. शिक्षा रद्द. निर्दोष. "टीचरजी, आपकी दोनों माताजी जीत गईं," साहेब म्हणाले. मी वर्गातच मोठ्यानं रडायला लागले. पोरं घाबरून हेडमास्तरांना बोलवायला पळाली. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. सरकार सरकार म्हणून आपण नावं ठेवतो. पण त्या दिवशी मला वाटलं, इतक्या लांब एका एसीवाल्यासाठी एवढी माणसं हलली, आणि त्यांतल्या एकाशीही आमची सोयरीक नव्हती.

तो आला तेव्हा सगळं गाव गोळा झालं होतं. हलगी वाजली, गुलाल उडाला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. निवडणूक जिंकल्यासारखा गोंधळ. तो वाळला होता, केस पांढरे झाले होते, पण हसत होता. आईही आली होती, पण गर्दीच्या मागे, अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. पुढे यायची तिची हिंमत होत नव्हती.

दुपारी पान वाढायची वेळ झाली. गरम भाकरी, वरण, ठेचा. मुलगा परतला की पहिली भाकरी त्याची आई वाढते, म्हणून सासूबाई टोपलं घेऊन उठल्याच होत्या. दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. वळल्या, अंगणात गेल्या, आणि माझ्या आईचा हात धरून तिला आत घेऊन आल्या. टोपलं तिच्या हातात दिलं.

"तुमी वाढा," म्हणाल्या.

आईनं पहिली भाकरी वाढली. मग दुसरी. तो नको म्हणेपर्यंत ती वाढत राहणार होती, आणि तो नको म्हणतच नव्हता.