सासू मारायची की ठेवायची?

आमच्या धंद्यात किस्से कापडाच्या लूमखालच्या कचऱ्यासारखे साठतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

परवा मोबाईलवर बातमी आली, अमेरिकेत म्हणे दोन मोठे फिल्म स्टुडिओ एक होणार. खाली तज्ज्ञ मंडळी काळजीत. आता फ्रँचायझींचं काय होणार? कोणाचे भाग बंद पडणार? ह्याचा हिरो त्याच्या पिक्चरमध्ये जाणार का? मला हसूच आलं. अरे बाबांनो, सुरतेला या, डिंडोलीला! आमचं मर्जर कधीच होऊन गेलं. सगळं अनुभवून बसलोय.

मी संजू. लग्नांचं शूटिंग करतो, आणि मुहूर्त नसतील तेव्हा यूट्यूबसाठी अहिराणी पिक्चर काढतो. आमची फ्रँचायझी सासूची. खाष्ट सासू आणि तिचा बिलंदर जावई, भाग एक ते नऊ. तिकडे शेजारच्या गोडादऱ्यात सुभाषभाऊंची कंपनी. त्यांची फ्रँचायझी हडळीची, हडळ आणि तिला पकडणारा मांत्रिक. धुळ्या-जळगावपर्यंत लोक दोन्ही बघायचे. मग सुभाषभाऊ म्हणाले, "संजू, भांडण्यापेक्षा एक होऊ. मर्जर!"

त्यांच्याकडे ड्रोन होता. मी हो म्हटलं.

*

पहिला वाद नावाचा. त्यांना त्यांच्या आईचं नाव आधी हवं, मला माझ्या आईचं. शेवटी असं ठरलं की दोन्ही कंपन्यांची सुरुवात जशीच्या तशी लावायची. म्हणजे दोन शंख, दोन समया, दोन देवी आणि दोन आयांचे फोटो, तेही हळूहळू मोठे होत जाणारे!

ट्रेलर टाकला. पहिली कमेंट आली, "भाऊ, आरती झाली असेल तर आता पिक्चर लावा!"

*

मर्जर म्हटलं की दोन्हीकडचे हिरो एका फ्रेममध्ये पाहिजेत. लोक त्यासाठीच बघतात. पण आमचा जावई लूमच्या कारखान्यात रात्रपाळीला आणि त्यांचा मांत्रिक दिवसपाळीला! पाळी बदलली की दोघांचीही बदलायची. एक सुटला की दुसरा आत. दोन महिने प्रयत्न केला, दोघं एकमेकांना फक्त कारखान्याच्या गेटवर भेटत होते.

सुभाषभाऊंनी तोड काढली. दोघांचे सीन वेगवेगळे घेतले आणि सगळे संवाद फोनवर ठेवले. एकाच खोलीचं घर, तीच खाट, तीच खिडकी. जावई बोलतो तेव्हा मांत्रिक नाही, मांत्रिक बोलतो तेव्हा जावई नाही.

नाशिकच्या एका शहाण्यानं ट्रेलरखाली कमेंट टाकली, "एकाच घरात राहून फोनवर का बोलतात?" मी उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात इथल्याच, सुरतेतल्या लिंबायतच्या कोणीतरी त्याला सांगून टाकलं, "दादा, इथे असंच असतं. एक उठतो तेव्हा त्याच खाटेवर दुसरा झोपतो. माझा रूम पार्टनर कसा दिसतो मला पण माहीत नाही!"

त्या कमेंटला आमच्या ट्रेलरपेक्षा जास्त लाइक मिळाले.

*

हडळीचं काम ज्ञाना करायचा. ज्ञाना टेम्पो चालवतो आणि त्याला भरघोस मिशी आहे. मिशी काढायला तयार नाही. "घरात मी एकटाच मिशीवाला," म्हणतो. मग केस पुढे घ्यायचे, मिशी झाकायची आणि किंचाळायचं.

एकदा शूटिंग संपल्यावर मेकअप काढायला पाणीच नव्हतं. गडी तसाच रस्त्यावर आला. पांढरं तोंड, लाल डोळे, गुडघ्यापर्यंत केस, अंगावर साडी. रिक्षाला हात केला. आम्ही लांबून मजा बघत होतो, आता रिक्षावाला पळतो की नाही!

रिक्षावाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "शेअरिंग की स्पेशल?"

ज्ञाना म्हणाला, "शेअरिंग."

"फिर पीछे खिसको, तीन सवारी और आएगी."

लिंबायतच्या रिक्षात भुतालाही एकट्याला सीट मिळत नाही हो!

*

आता मुख्य भानगड. सुरतेत पिक्चर काढायचा तर साड्यांची चिंता नाही. मार्केटमधले जयेशभाई शूटिंगला साड्या द्यायचे. अट एकच, डाग पाडायचा नाही आणि परत आणायची. आम्हाला काय ठाऊक, ते सुभाषभाऊंनाही देत होते! आणि दोघांनाही एकाच लॉटमधल्या. पोपटी साडी, नारिंगी काठ.

तो एकत्र ट्रेलर बाहेर पडला तेव्हा उजेड पडला. सासूच्या अंगावर जी साडी, तीच हडळीच्या अंगावर! मी डोक्याला हात लावला. पण बघणारे आपल्यापेक्षा हुशार असतात. कमेंटचा पाऊस. "समजलं! सासूच मेली आणि हडळ झाली!" "काय डोकं चालवलंय!"

जयेशभाईंचा फोन आला, "संजूभाई, भूत ने पण आपणी ज साडी गमे छे!" म्हणजे भुतालाही आपलीच साडी आवडते! त्यांनी उरलेला लॉट त्यावर खपवला.

आणि सुभाषभाऊंनी मांडीवर थाप मारली. "बस, ठरलं! पहिल्या सीनला सासू मारायची. मर्जर म्हणजे काय रे संजू? लूम दुप्पट, कारागीर तेवढाच. दोघींचं काम एकात!"

मी म्हटलं, "आणि आमची सासू, कमलमावशी?"

ते म्हणाले, "हडळ तर आपल्याकडे आहेच."

*

सासूचं काम करायच्या कमलमावशी. माझ्याच गल्लीतल्या. दिवसभर ओट्यावर बसून साड्यांचे सुटलेले धागे कापायच्या, तेच त्यांचं काम. नवरा गेलेला, पोरगा-सून कारखान्यात. दिवसच्या दिवस कोणाशी बोलणं नाही. मी पहिल्या भागाला त्यांना घेतलं ते फुकट मिळाल्या म्हणून, खरं सांगतो. आणि बाईनं असा आवाज लावला की समोरचा जावई संवादच विसरला!

तेव्हापासून मावशी डिंडोलीच्या सासूबाई झाल्या. भाजीवाली त्यांना मागितल्याशिवाय कोथिंबीर घालते. बायका सुनांच्या तक्रारी घेऊन ओट्यावर येतात. सुना पण येतात, सासवांच्या तक्रारी घेऊन! मावशी दोघींनाही झापतात. आणि सासूच मेली, तर मावशींनी परत मुकाट्यानं धागे कापत बसायचं. मला हे अजिबात पटत नव्हतं.

पण सांगायला मलाच जावं लागलं.

"मावशी, ह्या भागात तुम्हाला मरायचंय."

"कसाले?"

"हडळ व्हायला."

"हडळ तं ज्ञाना शे."

मावशींनी कात्री खाली ठेवली. "म्हंजे मी मरसू, आनि मन्हा जागावर मिशीवाला येई?"

मी तसाच उठलो. सुभाषभाऊंकडे जाऊन भांडलो. म्हटलं, "भाऊ, फ्रँचायझी म्हणजे ही बाई आहे. बाई गेली तर उरते नुसती साडी." ते ऐकेनात. ड्रोन त्यांचा, कथाही त्यांची.

मावशी तिरडीवर आडव्या व्हायला काही तयार झाल्या नाहीत. "फोटो लावा, हार घाला. आडवी मी नही व्हनार!" एवढ्यावर तडजोड झाली.

*

पोस्टर मीच बनवलं. मधे मावशींचा फोटो, चंदनाचा हार, दोन बाजूंना समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली पिक्चरचं नाव आणि तारीख. सुंदर झालं होतं. चौकाचौकात लागतात ना, अगदी तसं!

लोकांनी स्टेटसला ठेवलं. एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. ह्या फिरवाफिरवीत खालचा भाग कापला गेला. पिक्चरचं नाव गेलं, तारीख गेली. मावशी, हार आणि श्रद्धांजली तेवढी शिल्लक राहिली. आणि तसंच ते शिरपूरकडे मावशींच्या माहेरी पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सुभाषभाऊ मावशींच्या ओट्यासमोर ड्रोनची बॅटरी लावत होतो. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. बायका उतरल्या आणि रीतीप्रमाणे तिथूनच हंबरडा फोडून चालत आल्या. "माय वं! कमल वं!"

मावशी ओट्यावर धागे कापत होत्या. रडणं ऐकून लगबगीनं उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि पुढे जाऊन पहिल्याच बाईला विचारलं, "कोन मरी गयं वं?"

ती बाई जागच्या जागी खाली बसली! मागच्या दोघी जीपकडे पळाल्या. सुभाषभाऊंच्या हातातली बॅटरी पडली.

ह्या सगळ्या गोंधळात एक म्हातारा तसाच उभा होता. भिलामामा, मावशींचा सख्खा भाऊ. कुठल्याशा लग्नात मानपानावरून बिनसलं होतं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. मावशींच्या पोराच्या लग्नालाही आला नव्हता. आता काखेत पिशवी. बहीण गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी लागते, ती घेऊन आला होता. बहिणीला उभी बघून त्याला धड रडता येईना, धड हसता येईना.

मावशींनी पिशवी ओढली, साडी काढली, उलटीपालटी केली, काठ चिमटीत धरून बघितला.

"कितीले लिधी?"

मामानं सांगितलं.

"लुटाई गया! आठे सुरतमा अर्धा भावमा भेटस. बस, चहा ठेवस."

मामा ओट्यावर बसला आणि मग जो रडायला लागला, तो चहा होईपर्यंत थांबला नाही. मावशी आतून ओरडत होत्या, "साखर कितली टाकू रे?" आणि त्यांचा आवाज काही भाग एक ते नऊमधल्या खाष्ट सासूचा नव्हता. सुभाषभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. मीही त्यांच्याकडे बघत नव्हतो.

पाहुणे दोन दिवस राहिले. ते गेल्यावर सुभाषभाऊ स्वतः मावशींकडे आले, हात जोडून. म्हणाले, "मावशी, चुकलं. सासू मरणार नाही. मी कथा बदलतो."

मावशी माहेरची साडी नेसून धागे कापत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"नको, नको! मारा माले. दुसरा भागमा बी मारा. मन्ही धाकली बहीण अजून भेटाले उनी नही."