हंगेरियन राजाची घोडउडी

पटापुढे बसलं की माणसामाणसांतले सगळे भेद गळून पडतात, असं सयाजीगंजातल्या त्या हॉलमध्ये प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं. ते सोफ्यावर बसून बोलत होते, आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होतो आणि हंगेरीहून आलेले ग्रँडमास्टर उभे होते. वीसेक जणांशी एकाच वेळी खेळायचं असल्यामुळे त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेलीच नव्हती.

पाहुण्यांनी त्यांची कारकीर्द वाचून दाखवली. विशीत ग्रँडमास्टर, वर्षानुवर्षं देशाच्या संघात, एकदा तर जगज्जेतेपदाच्या अगदी जवळ. पुढचं कोणी लिहून दिलेलं नसावं. ते माझ्या काकांना पाठ होतं. जवळ जाऊन ते हरले, मग बरोबरीचे डाव खेळत म्हातारे झाले, आणि आता थंडीत आपल्याकडच्या स्पर्धांना येतात, कारण इथे ऊन असतं. नंदेसरीच्या कारखान्यात नोकरी करताना काकांनी सुट्टीच्या दिवशी याच माणसाचे डाव पटावर मांडून पाहिले होते. पण आज त्यांना जिंकायचं वगैरे नव्हतं. त्यांना फक्त वेवाईंच्या नंतर उठायचं होतं.

वेवाई म्हणजे काकांच्या मुलीचे सासरे, तरसालीत राहणारे गुजराती गृहस्थ. ते शेजारच्याच पटावर होते. दर दिवाळीला दोघे खेळत आणि हरणारा वर्षभर ऐकून घेई.

"वेवाई, चाय येईपर्यंत तरी बेसजो हं," ते काकांना म्हणाले.

"तुम्ही आपलं सांभाळा. गेल्या दिवाळीला वजीर कोणी घालवला?"

"ए तो मी सुनेचे बाप म्हणून सोडला होता."

खेळ सुरू झाला. झाडांना पाणी घालत जावं तसे ग्रँडमास्टर एकेका पटापुढून चालले होते. खिडकीतून पिवळं ऊन आत येत होतं. मध्येच एखाद्या सोंगटीचा टक् आवाज होई, आणि स्टेशनकडच्या रिक्षांचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे वाटत. ग्रँडमास्टरांच्या गावी म्हणे लोक गरम पाण्याच्या हौदात छातीपर्यंत बसून बुद्धिबळ खेळतात. काकांच्या मागे उभ्या उभ्या मला वाटायला लागलं, की हॉल हळूहळू भरतो आहे, सोफा प्रमुख पाहुण्यांसकट तरंगत दाराकडे निघाला आहे आणि त्यांना कोणीच अडवत नाही.

भानावर आलो तो काकांच्या राजाने उडी मारली तेव्हा. घोड्यासारखी, अडीच घरं.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते आणि घरी अजून त्यांच्याच नियमांनी खेळतात. शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. काकांना जगाचे नियम पाठ होते, पण हात घरचा होता.

पंचबाई धावत आल्या. "काका, हे चालत नाही."

"आमच्यात चालतं," काका म्हणाले. चूक त्यांना कळली होती, पण वेवाई बघत होते.

बाईंनी ग्रँडमास्टरांना इंग्रजीत सगळं समजावलं. ते पटावर वाकले आणि तसेच वाकून राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, ही उडी दोघांनाही आहे का?

"दोघांनाही," काका म्हणाले. "आमच्यात अन्याय नाही."

ग्रँडमास्टरांनी एक साधं प्यादं सरकवलं आणि पुढे गेले. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणी नवी चाल दिली नसावी. पुढच्या फेरीला आले ते कोटाच्या खिशातून हात काढतच. त्यांच्या राजाने अडीच घरांची उडी मारली आणि त्याच्या मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली. शह, आणि काकांच्या राजाला जायला जागा नव्हती. मात. ग्रँडमास्टरांनी हात पुढे केला, तो काकांनी दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ सोडला नाही.

मग त्यांनी शेजारी पाहिलं. वेवाई अजून खुर्चीत होते, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. काका सावकाश उठले.

"मानलं वेवाई तुम्हाला," ते म्हणाले. "आता वर्षभर बोला."

वेवाईंनी मोठ्या मनाने मान हलवली. त्यांचा डाव मघाशीच संपला होता. पायाला मुंग्या आल्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं.